थोडक्यांत पाठविण्याची विद्या

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांत आज असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, सून वा जांवई कृष्णाकांठ सोडून दूर देशीं गेलेला नाहीं. पूर्वीं पुण्या-मुंबईस गेलेला माणूस दिवाळीला घरीं येई. आतां कॅलिफोर्नियांत किंवा म्युनिकला गेलेला माणूस दोन-तीन वर्षांनीं एकदां येतो. परंतु मधल्या काळांत तो दृष्टीस पडत नाहीं असें मात्र नाहीं. साताऱ्यांतील एखाद्या वाड्यांत मुंज लागते, ती त्याच क्षणीं सातासमुद्रांपलीकडे पाहिली जाते. सांगलीच्या गांवभागांतील आजीबाई माजघरांत बसून पणतवाचें बारसें पाहतात, आणि पाळण्याच्या दोरीला आपला हात लागला नाहीं एवढीच काय ती खंत करतात.

हा प्रकार आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्यामागें केवढी विद्या उभी आहे याचा विचार करण्याची कोणास गरज वाटत नाहीं. तिकडून चित्र निघतें आणि इकडे येऊन पोंचतें, एवढेंच आपण जाणतों. वस्तुतः तें चित्र जसेंच्या तसें कधींच येत नाहीं. येतें तें त्याचें एक अत्यंत संक्षिप्त टांचण. आणि त्या टांचणावरून आपल्या हातांतील यंत्र चित्र पुन्हां उभें करतें. टांचण कसें करावें आणि तें कसें उलगडावें याचे जे ठरलेले नियम, त्यांस यंत्रज्ञ ‘कोडेक’ किंवा ‘फॉर्मॅट’ म्हणतात. आम्ही या लेखांत ‘संकेत’ हा आपला जुनाच शब्द वापरणार आहों. गेल्या ३५-४० वर्षांत असे अनेक संकेत निघाले, जुने झाले आणि त्यांच्या जागीं नवे आले. नवा संकेत कसा घडतो, आणि त्याचा आपल्या घरांतील पेटी-कपाटाशीं काय संबंध पोंचतो, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

ओझें केवढें आहे?

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहूं. घरांतील चांगल्या टीव्हीवर जें चित्र दिसतें, तें आडवे १९२० आणि उभे १०८० अशा बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. गुणाकार केला तर एका चित्रांत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके भरतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगावयाचा तर तांबडा किती, हिरवा किती आणि निळा किती असे तीन अंक लागतात. म्हणजे एकाच चित्राचे ६२ लाखांहून अधिक अंक झाले. पण चलच्चित्र म्हणजे कांहीं एक चित्र नव्हे. हालचाल डोळ्यास सलग वाटावी म्हणून सेकंदास २५ चित्रें एकापाठोपाठ दाखवावीं लागतात. तेव्हां एका सेकंदाचे अंक साडेपंधरा कोटींवर जातात, आणि तासाभराच्या मुंजीचें ओझें सुमारें ५६० गिगाबाईट होतें. साधी डीव्हीडी ४.७ गिगाबाईट पोटांत घेते. तशा सुमारें १२० तबकड्या या एका तासासाठीं लागल्या असत्या!

इंटरनेटच्या भाषेंत सांगावयाचें तर हा प्रवाह सेकंदाला १२४ कोटी बिटांचा झाला. बिट म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच सांगणारी सर्वांत लहान खूण. प्रत्यक्षांत याच आकाराचें चित्र सेकंदाला सुमारें ५० लाख बिटांच्या प्रवाहांतून सुखानें येतें. याचा अर्थ असा, कीं अडीचशें भागांपैकीं एकच भाग पाठविला जातो आणि उरलेले २४९ पाठविलेच जात नाहींत. तरीही आजीबाईंस नातसुनेच्या नथींतला मोती ओळखूं येतो. हें होतें कसें?

चार अक्षरांचा नमस्कार

ही युक्ति आपल्या वाडवडिलांस अपरिचित नव्हती. पत्राच्या आरंभीं ‘सा. न. वि. वि.’ एवढीं चार अक्षरें लिहिलीं, कीं वाचणारा ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ असें मनांत पुरें करून घेई. लिहिणाराचे श्रम वांचत, कागद वांचे, आणि अर्थांत तिळमात्र उणें पडत नसे. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, कीं जें वाक्य वारंवार यावयाचें त्यासच आंखूड खूण दिलेली आहे; क्वचित् येणारा मजकूर सविस्तरच लिहिला जाई. दुसरी ही, कीं खुणेचा अर्थ लिहिणारा आणि वाचणारा या दोघांसही आधींपासून ठाऊक असावा लागतो. ज्यास तो ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं चार अक्षरें पडतात; नमस्कार पडत नाहीं.

याहून सूक्ष्म युक्ति पाहावयाची असेल तर वाईच्या पाठशाळांतून ज्यांनीं अष्टाध्यायी पाठ केली त्यांस विचारावें. पाणिनीनें संस्कृतासारख्या विस्तृत भाषेचें व्याकरण सुमारें चार हजार सूत्रांत बसविलें. चौदा माहेश्वर सूत्रांत वर्ण अशा क्रमानें मांडले, कीं ‘अच्’ म्हटलें म्हणजे सर्व स्वर आले आणि ‘हल्’ म्हटलें म्हणजे सर्व व्यंजनें आलीं. शिवाय अनुवृत्तीची योजना केली. एका सूत्रांत आलेला शब्द पुढील सूत्रांत पुन्हां उच्चारावयाचा नाहीं. तो तेथें आहेच असें धरून चालावयाचें. पुढील सूत्रांत सांगावयाचें तें जेवढें नवें असेल तेवढेंच.

चलच्चित्राच्या संकेताचा कणा हीच अनुवृत्ति होय. मुंजीचें चित्रण चाललें आहे. मागची भिंत, भिंतीवरील देवादिकांच्या तसबिरी, मांडवाचा खांब हीं या क्षणीं जशीं आहेत तशींच पुढच्या क्षणींही आहेत. हललें आहे तें फक्त बटूचें मस्तक आणि अंतरपाटाचें टोंक. मग सेकंदास पंचवीस वेळां भिंत कशासाठीं पाठवावी? म्हणून पहिलें चित्र पुरतें पाठवितात, आणि पुढच्या चित्रांत ‘मागील प्रमाणें’ एवढें सांगून बदल तेवढा कळवितात. कांहीं वेळानें पुन्हां एक चित्र पुरतें पाठवितात. या पुरत्या चित्रास आधारचित्र म्हणूं. तें वाटेंत बिघडलें म्हणजे पुढील सर्व अनुवृत्ति बिघडते. पावसाळ्यांत इंटरनेट मंदावलें असतां मुलाचा चेहरा एकाएकीं चौकोनी तुकड्यांचा होतो, अर्धा चेहरा जागेवर आणि अर्धा खांद्यावर जातो, आणि थोड्या वेळानें आपोआप सांवरतो, हा अनुभव प्रत्येकास असेल. त्याचें कारण बहुधा हेंच. नवें आधारचित्र येऊन पोंचलें, कीं चेहरा पुन्हां ठिकाणावर येतो.

सरकलें किती, एवढेंच सांगा

परंतु जें हलतें त्याचें काय? बटू दोन पावलें पुढें आला तर तो सर्वच्या सर्व नवा म्हणून पाठवावा काय? या प्रश्नाच्या उत्तरांत मुंबईंत शिकलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वांटा आहे. अरुण नेत्रावळी हे मुंबईच्या आय. आय. टी.चे १९६७ चे पदवीधर. पुढें अमेरिकेंतील राइस विद्यापीठांत १९७० सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली आणि नंतर ते प्रसिद्ध बेल प्रयोगशाळेंत दाखल झाले. तेथें त्यांनीं व त्यांच्या एका सहकाऱ्यानें १९७९ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचें सार असें: वस्तु नवी झालेली नाहीं, ती केवळ सरकली आहे, तेव्हां ती किती सरकली असावी याचा अंदाज बांधावा, आणि अंदाजांत जी चूक राहिली असेल तेवढीच दुरुस्ती म्हणून पाठवावी. अंदाज जितका चांगला, तितकी दुरुस्ती लहान, आणि तितकें पत्रही आंखूड.

या दिशेनें काम करणारे नेत्रावळी कांहीं एकटेच नव्हते. परंतु अग्रभागीं असलेल्यांत त्यांची गणना होते. पुढें ते त्याच बेल प्रयोगशाळेचे अध्यक्ष झाले, आणि २००१ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण देऊन गौरविलें. आज जगांत प्रचलित असलेल्या चलच्चित्राच्या बहुतेक सर्व संकेतांत ‘सरकलें किती’ हा प्रश्न विचारला जातो. परदेशांतील नातू धांवत येतो आणि त्याचें धांवणें आपल्यास सलग दिसतें, यांत मुंबईंत शिकलेल्या या बुद्धीचा अंश आहे, हें आपल्या घरांतील मुलांस अवश्य सांगावें.

मिरजेचा तंबोरा आणि चित्राचे सूर

दुसरी युक्ति समजण्यास मिरजेस जावें. तेथील कारागिरांचा तंबोरा प्रसिद्धच आहे. त्याची एक तार छेडली असतां साध्या कानास एकच नाद ऐकूं येतो. परंतु जाणत्या कानास त्यांत मूळ स्वर आणि त्यावर उमटणारे अनेक बारीक उपस्वर वेगळे ऐकूं येतात. त्यांत कांहीं ठळक असतात, कांहीं इतके क्षीण असतात कीं ते नसते तरी कोणाच्या ध्यानीं आलें नसतें.

चित्राचेंही असेंच पृथक्करण करतां येतें. चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक बाजूस आठ ठिपके, म्हणजे एकंदर ६४ ठिपके. या ६४ ठिपक्यांचे अंक पाठविण्याऐवजीं, त्या चौकोनांत स्थूल छटा किती आणि बारीक बारीक रेषा किती, याचे ६४ अंक काढतात. मौज अशी, कीं बहुतेक चौकोनांत पहिले थोडेसे अंकच मोठे निघतात आणि बाकीचे शून्याच्या आसपास असतात. ते शून्य धरून सोडून दिले तरी डोळ्यास फरक कळत नाहीं. हें गणित नासिर अहमद यांनीं टी. नटराजन् आणि के. आर. राव यांच्या सहकार्यानें जानेवारी १९७४ मध्यें प्रसिद्ध केलें. अहमद यांचा जन्म बंगलोरचा, १९४० चा. या कल्पनेवर काम करण्यासाठीं त्यांनीं १९७२ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे साहाय्य मागितलें होतें. तें मिळालें नाहीं. त्यांनीं काम मात्र सोडलें नाहीं. आज मोबाईलवर येणारें जवळजवळ प्रत्येक छायाचित्र आणि चलच्चित्र या गणिताचें किंवा त्याच्या वंशजांचें ऋणी आहे.

डोळा काय सोडून देतो

आतांपर्यंतच्या युक्त्यांत पुष्कळशी काटकसर होती; परंतु सोडून देण्याचा विषय निघालाच आहे तर तो स्पष्ट केला पाहिजे. मनुष्याचा डोळा उजेड-अंधाराचे बारीक भेद फार चांगले टिपतो. रंगाचे बारीक भेद तितके टिपत नाहीं. म्हणून संकेतकार प्रत्येक ठिपक्याचा उजेड ठेवतात, आणि रंग मात्र चार ठिपक्यांस मिळून एकदांच सांगतात. एवढ्यानेंच ओझें निम्म्यावर येतें. पैठणीच्या पदराचा काठ टीव्हीवर किंचित् पसरट दिसतो, त्याचें एक कारण हें.

परंतु हा व्यवहार ‘सा. न. वि. वि.’ सारखा नव्हे. तेथें सर्व परत मिळत होतें. येथें जें सोडलें तें गेलें. याचें एक उदाहरण सांगलीच्याच इतिहासांत आहे. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें सांगलींत ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें. त्या काळच्या या नाटकांत सूत्रधार पदें म्हणे, आणि पात्रें आपापलीं भाषणें आयत्या वेळीं रचून बोलत. त्यामुळें लिहून राहिलीं तीं बहुतेक पदें. पदांवरून कथा उभी करतां येते. परंतु त्या रात्रीं रावणाचें सोंग घेतलेला नट नेमकें काय गरजला, हें आज कोणीही सांगूं शकणार नाहीं. संक्षेप करणारानें हें सदैव स्मरणांत ठेवावें. काय टाकावें याचा निर्णय एकदांच होतो, आणि तो फिरवितां येत नाहीं.

नवा संकेत कसा घडतो

या मूळ युक्त्या १९८० च्या सुमारास बहुतेक हातीं आल्या होत्या. मग पुन्हां पुन्हां नवे संकेत कशास? याचें उत्तर असें, कीं प्रत्येक पिढीस अधिक मोठें व अधिक स्वच्छ चित्र हवें असतें, आणि यंत्राची गणित करण्याची शक्तिही वाढत जाते. १९८८ सालचा एच. २६१ हा संकेत टेलिफोनच्या तारेंतून सभा-संभाषणांचें चित्र पाठविण्यासाठीं झाला. १९९३ सालीं एमपेग-१ प्रसिद्ध झाला. आपल्या घरांतील त्या काळच्या लग्नाच्या व्हिडिओ सीडी याच संकेतांत आहेत. नंतर डीव्हीडीचा एमपेग-२ आला, आणि २००३ सालीं एच. २६४, ज्यावर इंटरनेटवरील चलच्चित्राचा संसार दीर्घकाळ चालला. २०१३ सालीं एच. २६५ आला, त्यानें तेंच चित्र जवळजवळ निम्म्या ओझ्यांत आणलें. २०१८ सालीं एव्ही-१ आणि २०२० सालीं एच. २६६ निघाले.

हे संकेत कोणा एकाच्या डोक्यांतून निघत नाहींत. निरनिराळ्या देशांतील शेंकडों संशोधक एकत्र बसतात. प्रत्येक जण आपली युक्ति मांडतो, आणि ठरलेल्या त्याच चित्रफितींवर तिची परीक्षा होते. प्रश्न दोन: या युक्तीनें किती बिट वांचले? आणि त्यासाठीं यंत्रास किती अधिक श्रम पडले? अर्धा टक्का वांचविणारी युक्तिही कसोशीनें तपासली जाते. कारण अशा पंचवीस-पन्नास लहान युक्त्यांची बेरीज म्हणजेच नवा संकेत. जुन्या संकेतांत चित्राचे तुकडे सोळा ठिपक्यांचे असत, एच. २६५ मध्यें ते चौसष्टांपर्यंत आणि एव्ही-१ मध्यें एकशें अठ्ठावीसांपर्यंत मोठे करतां येतात. मोकळें आकाश असेल तेथें मोठा तुकडा, चेहरा असेल तेथें लहान. गणिताचे आंकडे अनुकूल आले तरी शेवटीं माणसांस बसवून चित्र दाखवितात आणि त्यांच्याकडून गुण घेतात. अखेरचा न्यायाधीश मनुष्याचा डोळाच.

यांतील श्रमाची वांटणीही पाहण्यासारखी आहे. टांचण करणें फार कठीण. उलगडणें त्या मानानें सोपें असावें लागतें. सूत्र रचण्यास पाणिनि हवा. पाठ म्हणण्यास आठ वर्षांचा बटूही चालतो. आजीबाईंच्या हातांतील स्वस्त मोबाईलनें बॅटरी न संपवितां चित्र उलगडलें पाहिजे. त्यासाठीं उलगडण्याची सोय मोबाईलच्या चिपमध्येंच कोरावी लागते, आणि तसे मोबाईल घरोघरीं पोंचण्यास वर्षें जातात. एव्ही-१ मार्च २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. आयफोनमध्यें ती सोय प्रथम २०२३ च्या सप्टेंबरांत आली. त्यामुळें नवा संकेत आला तरी जुन्यास लगेच निरोप देतां येत नाहीं.

संकेताचा धनी कोण?

येथपर्यंत विद्येची गोष्ट झाली, आतां व्यवहाराची. समजा, ‘सा. न. वि. वि.’ या खुणेवर कोणा एका घराण्यानें हक्क सांगितला असता, आणि ती लिहिणारानें दर पत्रास एक पैसा त्या घराण्यास द्यावा असा कायदा असता, तर काय झालें असतें? संकेतांच्या जगांत हें प्रत्यक्षांत घडलेलें आहे. संकेतांतील अनेक युक्त्यांवर निरनिराळ्या कंपन्यांचे पेटंट असतात, आणि संच बनविणारांस त्यांचें शुल्क द्यावें लागतें. संशोधनास पैसा लागतो आणि श्रम करणारास मोबदला मिळावा, हें न्याय्यच आहे. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एच. २६५ च्या बाबतींत शुल्क मागणारे एकाहून अधिक गट निघाले. कोणास किती द्यावें याचाच घोळ झाला, आणि तो उत्तम संकेत इंटरनेटवर अपेक्षेइतका पसरला नाहीं.

या घोळास कंटाळून २०१५ च्या सप्टेंबरांत गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को, ॲमेझॉन व नेटफ्लिक्स या सात संस्थांनीं एक मंडळ स्थापिलें. एरवीं एकमेकांशीं स्पर्धा करणारे हे सात जण एका पंगतींत बसले, तें शुल्कावांचून सर्वांस वापरतां येईल असा संकेत करण्यासाठीं. तोच एव्ही-१. त्यावरही आपला हक्क सांगणारे पुढें निघालेच, त्यामुळें वाद सर्वस्वीं मिटला असें म्हणतां येत नाहीं. तथापि एव्ही-१ चे नियम आणि त्याचा नमुना-प्रोग्राम दोन्ही सर्वांस वाचावयास मोकळे आहेत. सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यानेंही ते आज रात्रीं उघडून वाचावे, त्यांत सुधारणा सुचवावी, आणि ती चांगली असेल तर जगानें ती घ्यावी, एवढी वाट खुली आहे. आमच्या मतें ही गोष्ट वांचलेल्या बिटांहूनही मोलाची आहे.

मोडीचा धडा

हें मत केवळ उदारपणाचें नव्हे. त्यास आपल्याच जिल्ह्याचा अनुभव आहे. मोडी लिपी ही देखील एक संक्षेपाचीच योजना. हात न उचलतां भरभर लिहितां यावें, नेहमींच्या शब्दांस ठराविक खुणा असाव्या, यासाठीं ती वाढली. जोंपर्यंत घरोघरीं मोडी वाचणारे होते तोंपर्यंत कागद बोलत होते. गेल्या शतकाच्या मध्यास शाळांतून आणि कचेऱ्यांतून मोडी गेली. आणि दोन पिढ्यांत तेच कागद मुके झाले. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला, तो वाईस सांपडलेल्या पत्रांवरून. तीं पत्रें वाचणारा डोळा त्या वेळीं होता म्हणून इतिहास हातीं लागला. आज साताऱ्याच्या किती वाड्यांत पेटीच्या तळाशीं रुमाल बांधलेले आहेत, आणि घरांत त्यांतील एक ओळ वाचणारा कोणी नाहीं! कागद नष्ट झाला नाहीं, शाई पुसली नाहीं; नष्ट झाला तो संकेत.

चलच्चित्राचें हेंच होण्यास दोनशें वर्षें लागणार नाहींत, वीसही पुरतात. फ्लॅश नांवाची योजना एके काळीं इंटरनेटवर सर्वत्र होती. ३१ डिसेंबर २०२० रोजीं तिच्या धन्यानें तिचा आधार काढून घेतला, आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य गोष्टी एका रात्रींत उघडेनाशा झाल्या. व्हिडिओ कॅसेट चालविणारें यंत्र बनविणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कारखान्यानें २०१६ च्या जुलैंत तें बनविणें थांबविलें. तेव्हां १९९० च्या सुमारास झालेल्या लग्नाची कॅसेट कपाटांत सुरक्षित आहे, असें जे म्हणतात त्यांनीं एकदां ती लावून पाहावी. त्या कॅसेटमध्यें अनेक घरांतून आज हयात नसलेल्या माणसांचा चालता-बोलता एवढाच अवशेष उरलेला आहे.

घरीं काय करावें?

तेव्हां वाचकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली: ज्या कॅसेटी व सीडी घरांत आहेत त्यांच्या प्रती, यंत्रें मिळतात तोंवर, नव्या साधनावर उतरवून घ्याव्या, आणि तें करतांना ज्याचे नियम सर्वांस मोकळे आहेत किंवा निदान जो जगभर सर्वत्र चालतो, असाच संकेत निवडावा. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या एखाद्या खास प्रोग्रामवांचून जी फीत उघडत नाहीं, तिचा भरंवसा धरूं नये.

दुसरी: नवी प्रत केली म्हणून मूळ टाकूं नये. एका संकेतांतून दुसऱ्यांत उतरवितांना प्रत्येक वेळीं कांहींतरी गळतें. मोबाईलवरून नेहमींच्या रीतीनें पुढें पाठविलेलें चलच्चित्र बहुधा वाटेंत पुन्हां आंवळलें जातें, आणि चार घरें फिरून आलेल्या मुंजींत बटूचें नाक दिसेनासें होतें. जपून ठेवावयाचें असेल तें ज्याच्या मोबाईलनें घेतलें त्याच्याकडूनच, ‘डॉक्युमेंट’ म्हणून, जसेंच्या तसें मागवून घ्यावें.

तिसरी: दोन प्रती दोन गांवीं ठेवाव्या. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत कृष्णेचें पाणी सांगलींत कोठवर चढलें, हें सांगलीकरांस सांगावयास नको. एक प्रत सांगलीस असेल तर दुसरी साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं असावी. आपल्याकडे नात्यांचा विस्तार असतो तो अशा वेळीं कामास येतो.

चौथी, आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक चित्रफितीबरोबर एक साधा कागद ठेवावा. कार्य कोणाचें, साल कोणतें, तांबड्या शालूंतील बाई कोण, डावीकडे बसलेले वृद्ध गृहस्थ कोणाचे कोण लागतात, हें वडील माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडून लिहून घ्यावें. कोणताही संशोधक, कोणतीही कंपनी हा संकेत आपल्यासाठीं करून देणार नाहीं. चित्र उलगडण्याचें काम यंत्र करील. पण त्यांतील माणूस ओळखण्याचें काम घरच्यांनींच केलें पाहिजे.

थोडक्यांत पाठविण्याची विद्या दिवसेंदिवस वाढत जाईल, आणि ती वाढावी. दूर गेलेलीं मुलें तिच्यामुळें जवळ आलीं आहेत. परंतु थोडक्यांत पाठविलेलें जपून ठेवावयाचें, आणि त्याची किल्ली पुढच्या पिढीच्या हातीं द्यावयाची, ही जबाबदारी घेणाराची आहे.